मूत्राशयातली गाठ: रत्नागिरीत काढायची की थेट मुंबई गाठायची?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे डोंबिवलीला नोकरीला आहेत, वडील लांज्याजवळ गावी. वडिलांचं वय ६७. मार्चपासून दोन-तीनदा लघवीतून लालभडक रक्त गेलं, दुखलं काहीच नाही, मधल्या दिवसांत लघवी स्वच्छ. सोनोग्राफीत मूत्राशयात ३ सेंटिमीटरची गाठ निघाली. रत्नागिरीतले युरॉलॉजिस्ट म्हणतात, दुर्बिणीतून काढू आणि तपासायला पाठवू. मुंबईतले नातेवाईक म्हणतात, कोणाला हात लावू देऊ नका, हे युरो-ऑन्को सर्जनचं काम आहे. तर हा युरो-ऑन्को सर्जन नेमका कोण, त्याचं शिक्षण वेगळं असतं का, आणि वडिलांना न्यायचं कुठे?

मी हेच काम करतो. शस्त्रक्रिया घाटावर, ओपीडीसाठी मात्र खाली कोकणात येणं-जाणं असतं, त्यामुळे तुमच्या घरात आत्ता काय चर्चा चालली असेल ते मला चांगलं ठाऊक आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: पहिली दुर्बिणीची शस्त्रक्रिया रत्नागिरीत करायला माझी हरकत नाही. ती नीट व्हायला हवी, एवढंच. मुंबई-कोल्हापूरचा प्रश्न त्यानंतर येईल, कदाचित येणारही नाही.

आता शिक्षणाचं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग तीन वर्षं जनरल सर्जरीत एमएस, मग पुन्हा प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं युरॉलॉजीत एमसीएच किंवा डीआरएनबी. इथे माणूस युरॉलॉजिस्ट होतो. त्यापुढे ज्याला कॅन्सरच करायचा आहे तो एखाद्या मोठ्या केंद्रात एक-दोन वर्षं युरो-ऑन्कॉलॉजीची फेलोशिप करतो. दुसरीकडून येणारेही असतात, म्हणजे सर्जिकल ऑन्कॉलॉजीत एमसीएच करून पुढे किडनी-मूत्राशय-प्रोस्टेट एवढंच धरून बसलेले. दोन्ही वाटांनी उत्तम सर्जन तयार झालेले मी पाहिलेत. बारावीनंतर मोजलं तर स्वतःच्या नावाची पाटी लागेपर्यंत तेरा-चौदा वर्षं जातात, मधे सरकारी बाँडचं वर्ष आलं तर आणखी. पण पाटीवरच्या अक्षरांवरून तुम्हाला फारसं कळणार नाही. रत्नागिरी-चिपळूणला बसणारा युरॉलॉजिस्ट दिवसभर मुतखडे काढतो, प्रोस्टेट खरवडतो, अडलेली लघवी मोकळी करतो. मूत्राशयातल्या गाठीही तो काढतोच, त्या त्याच्या शिक्षणाचा भाग आहेत. अख्खं मूत्राशय काढण्याची वेळ मात्र त्याच्यावर क्वचित येते, माझ्यावर ती नेहमी येते. आमच्यातला कामाचा फरक हा इतकाच, आणि तो कधी महत्त्वाचा ठरतो आणि कधी नाही हे समजलं की तुमचा निर्णय सोपा होईल.

मूत्राशयाची भिंत आतून बाहेर अशी पाहा: आधी पातळ अस्तर, त्याखाली सैल पापुद्रा, मग जाड स्नायू, आणि त्याबाहेर चरबी. गाठ अस्तरातून उगवते. ती स्नायूत शिरली आहे का, या एका गोष्टीवर पुढचं सगळं ठरतं. सुदैवाने बहुतेक गाठी पहिल्या तपासणीच्या वेळी स्नायूपर्यंत पोचलेल्या नसतात. पण हे सोनोग्राफीवरून कळत नाही, सीटीवरूनही खात्रीने कळत नाही. कळतं ते काढलेल्या तुकड्यावरून, म्हणून दुर्बिणीची ही पहिली शस्त्रक्रिया एकाच वेळी तपासही असते आणि उपचारही.

ती कशी होते ते जरा जवळून सांगतो, म्हणजे काय विचारायचं ते तुम्हाला समजेल. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण आत जाते, बाहेर टाका नाही. पुढे अर्धगोल तार असते, तिच्यातून विजेचा प्रवाह जातो, आणि पाणी सोडत सोडत गाठ पापुद्र्यापापुद्र्याने कापली जाते. वरची गाठ काढणं अवघड नाही. शेवाळासारखी तरंगणारी गाठ पाच-दहा मिनिटांत साफ होते आणि पडद्यावर सगळं छान दिसायला लागतं. खरी परीक्षा तिथून पुढे. गाठीचं मूळ जिथे होतं तिथे आणखी खोल जाऊन स्नायूचा तुकडा घ्यायचा असतो. फिकट, एकमेकांत गुंतलेले धागे दिसले की समजायचं, स्नायूत आलो. कमी घेतलं तर रिपोर्ट निरुपयोगी, जास्त घेतलं तर मूत्राशयाला भोक. त्यात गाठ बाजूच्या भिंतीवर असली तर भिंतीपलीकडून मांडीची नस जाते. तिला वीज लागली की पाय एकदम उडतो आणि तार आरपार जाऊ शकते. म्हणून आमचा भूलतज्ज्ञ आधीच त्या नसेला इंजेक्शन देऊन ठेवतो किंवा पूर्ण भूल देऊन स्नायू सैल करतो. वरची गाठ एका बाटलीत आणि मुळाचा तुकडा वेगळ्या बाटलीत पाठवायचा असतो. माझ्या मते चांगला हात ओळखायची याहून सोपी खूण नाही. दोन बाटल्या पाठवणारा सर्जन पुढचा विचार करून कापतोय.

तेव्हा रत्नागिरीतल्या डॉक्टरांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा. ऑपरेशनच्या आधी सीटी करणार का? आधीच व्हायला हवा, कारण कापल्यानंतर भिंत सुजते आणि सीटीत ती सूज गाठीसारखीच दिसते. शिवाय हाच आजार किडनीपासून येणाऱ्या नळीतही असू शकतो, तो त्यात दिसतो. सीटीला जाण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतीलच. दुसरं, मुळाचा तुकडा वेगळा पाठवणार का? तिसरं, रिपोर्ट कोणत्या पॅथॉलॉजिस्टकडून येणार? कोणताही चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही. उलट बरं वाटतं, कारण एरवी आम्हाला विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘टाके किती पडतील’ हा असतो.

‘कॅन्सरला हत्यार लावलं की तो पसरतो’, हे तुमच्या नातेवाइकांनी म्हटलंच असेल. मूत्राशयाच्या गाठीबाबत यात तथ्य नाही. दुर्बिणीतून काढल्याशिवाय तिचं निदानच पुरं होत नाही. ही समजूत जिथे खरोखर लागू पडते अशी एक जागा आमच्या कामात आहे, ती म्हणजे वृषण. विशी-तिशीतल्या मुलाच्या वृषणात न दुखणारी टणक गाठ आली, तर वरच्या पिशवीला सुई टोचायची नाही की चीर द्यायची नाही. रक्तात एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या कॅन्सरच्या खुणा बघायच्या आणि जांघेतून चीर घेऊन वृषण वरून काढायचं. पिशवीवर चीर दिली की कॅन्सर पसरण्याची नवी वाट उघडते. हायड्रोसील, म्हणजे पिशवीत साचलेलं पाणी, समजून भलतीकडेच कापलेली मुलं अजून येतात, आणि ती लाजेने उशिराच आलेली असतात. वाईट याचं वाटतं की हा कॅन्सर बरा होण्यात सगळ्यांत पुढे आहे. १९७० च्या दशकात सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आलं आणि चित्र पालटलं, आज दहापैकी नऊहून अधिक मुलं पूर्ण बरी होतात. केमोआधी वीर्य साठवून ठेवायची सोय आहे, हे त्यांना वेळेत सांगितलं तर पुढे संसारही होतो. हे विषयांतर झालं खरं, पण कोकणात घराघरांतून मुलं मुंबईला एकटी राहतात, कोणाला सांगत नाहीत, म्हणून लिहिलं.

तुमच्या वडिलांकडे परत येतो. रिपोर्टमध्ये गाठ फक्त अस्तरातली आणि सौम्य जातीची निघाली, तर कधी ऑपरेशननंतर चोवीस तासांच्या आत मूत्राशयात सोडलेल्या औषधाच्या एका डोसवरच काम भागतं आणि पुढे ठरावीक काळाने दुर्बिणीने बघत राहायचं. गाठ उग्र जातीची असेल किंवा अस्तराखालच्या पापुद्र्यात शिरलेली असेल, तर दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी पुन्हा दुर्बिणीतून तुकडे घ्यावे लागतात. लोकांना वाटतं पहिल्या डॉक्टरने अर्धवट केलं. तसं नसतं. निष्णात हातांनीही पहिल्या वेळी काहीतरी मागे राहतं, म्हणून ही दुसरी फेरी नियमातच आहे. त्यानंतर बीसीजी. हो, लहान बाळाच्या दंडावर देतात तीच लस, फक्त मोठ्या मात्रेत आणि नळीवाटे मूत्राशयात. कॅनडात मोरालेस यांनी १९७६ मध्ये ती पहिल्यांदा यासाठी वापरून दाखवली. ती तिथे सूज आणते आणि शरीराचीच फौज त्या अस्तरावर सोडते. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, दर वेळी साधारण दोन तास लघवी धरून ठेवायची. पुढेही काही महिन्यांनी डोस असतात. घरी गेल्यावर पहिले सहा तास संडासात ब्लीचिंग पावडर टाकायची, एवढी एक काळजी. यासाठी मुंबईला धावायची काही गरज नाही. रत्नागिरीतही हे करता येतं आणि करावं. दर आठवड्याला लांजा-मुंबई करायला लावलं की तिसऱ्या-चौथ्या डोसला पेशंट गळतो, आणि अर्धवट बीसीजीचा उपयोग नाही. भाताची लावणी आली, गणपती आले, शिमगा आला, कारणं भरपूर असतात. जवळ असेल तर तो पुरं करतो.

रिपोर्टमध्ये ‘स्नायूत शिरलेली’ असं आलं, तर मात्र गाडी काढा. इथे माझा आग्रह आहे. किडनी चांगली चालत असेल तर आधी सिस्प्लॅटिनची केमो, मग संपूर्ण मूत्राशय, पुरुषांत त्यासोबत प्रोस्टेट आणि ओटीपोटातल्या रसग्रंथी काढायच्या, मग लघवीसाठी नवी वाट करायची. पाच-सहा तासांचं काम, त्यात आतडं कापून जोडायचं. अमेरिकेत २००२ साली मोठ्या शस्त्रक्रियांचा एक विस्तृत अभ्यास झाला. जिथे वर्षाला अशी ऑपरेशनं जास्त होतात तिथे मृत्यू कमी, हे त्यात मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेबाबतही दिसलं. कारण नुसता सर्जनचा हात नव्हे. पाचव्या दिवशी पोट फुगलं, लघवी कमी झाली, ताप आला, तर रात्री दोन वाजता ते ओळखणारी नर्स आणि निवासी डॉक्टर तिथे असतात. हा अनुभव विकत मिळत नाही. वेळेचंही भान ठेवा: केमो द्यायची नसेल तर निदानापासून तीन महिन्यांच्या आत हे ऑपरेशन व्हावं, त्यापुढे ढकललं तर निकाल बिघडतात. ‘गणपती करून मग बघू’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरं कुठलं नसेल. जून-जुलैत निदान झालेल्या पेशंटला ते सरळ महागात पडतं. काही निवडक पेशंटांत मूत्राशय ठेवून केमो आणि शेक (रेडिएशन) एकत्र देण्याचाही मार्ग आहे. तो कोणाला चालेल हे सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवायचं असतं.

नवी वाट दोन प्रकारची. एकात लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन त्याचं तोंड पोटावर उघडतात आणि वर पिशवी चिकटवतात. ब्रिकर यांनी १९५० मध्ये ही पद्धत रूढ केली, आजही जगात तीच सर्वांत जास्त होते. दुसऱ्यात अर्धा मीटरच्या आसपास आतडं उलगडून, शिवून त्याचं नवं मूत्राशय करतात आणि मूळ वाटेलाच जोडतात. ऐकायला दुसरा प्रकार गोड वाटतो. पण त्या मूत्राशयाला लघवी लागल्याची जाणीव नसते, घड्याळ लावून रात्री उठावं लागतं, कधी स्वतः नळी घालावी लागते. गावी एकट्या राहणाऱ्या, किडनी जेमतेम असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मी पिशवीच सुचवतो. आणि तिची जागा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेनाने आखतो. पेशंटला उभं करायचं, बसवायचं, पुढे वाकवायचं. पंचा किंवा लुंगी नेमकी कुठे खोचतो ते बघायचं, पोटाची घडी कुठे पडते ते बघायचं, आणि त्याला स्वतःला मान वाकवून ती जागा दिसते का हे विचारायचं. एका मासेमाराने मला सांगितलं होतं की जाळं ओढताना दोर याच बाजूला घासतो. जागा दोन बोटं वर सरकवली. टेबलावर झोपलेल्या माणसाच्या पोटावर अंदाजाने भोक पाडणाऱ्याला हे कळणार नाही. कोकणातल्या घामट हवेत चिकटपट्टी लवकर सुटते, तेव्हा घरच्या दोघांनी तरी पिशवी बदलायला दवाखान्यातच शिकून घ्यावं. घरी जाऊन शिकू म्हणणारे तिसऱ्या दिवशी फोन करतात.

कुठे न्यायचं? लांजा-रत्नागिरीकरांना साखरपा-आंबा घाटातून कोल्हापूर जवळ, आणि तिथे हे काम करणारी माणसं आहेत. राजापूरकर अणुस्कुरा घाटाने चढतात. सावंतवाडी-कुडाळची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला, गोवा मेडिकलला जात आलीत. दापोली-मंडणगड-खेडकडून मुंबईच सोयीची, आणि तुम्ही डोंबिवलीला असल्याने तुमच्यासाठीही परळचं टाटा रुग्णालय हा योग्य पर्याय आहे. तिथे गर्दी आहे, रांग आहे, पण या एका विभागाचा अनुभव देशात मोठा आहे. पावसाळ्यात घाट बंद पडतात, तेव्हा रेल्वेचं तिकीट आधी काढून ठेवलेलं बरं. निवड करताना रुग्णालयाच्या जाहिरातीपेक्षा सर्जनला थेट विचारा: वर्षाला मूत्राशय काढण्याची किती ऑपरेशनं तुमच्याकडे होतात? पिशवी आणि नवं मूत्राशय, दोन्ही करता का? केसची चर्चा केमो आणि रेडिएशनवाल्यांसोबत होते का? ऑपरेशनआधी केमो का नको, हे कोणी सांगितलं नाही तर ते विचारा. जिथे एकच पर्याय एकच माणूस पाच मिनिटांत सांगतो, तिथून दुसरं मत घ्यायला निघा.

रोबोचं विचारलं नाहीत, पण विचाराल. रोबोने रक्त कमी जातं, पेशंट दोन दिवस लवकर उठतो, सर्जनची मान कमी दुखते. मूत्राशयाच्या कॅन्सरवर ताबा राहण्यात उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा तो सरस आहे, असं तुलनेत दिसलेलं नाही. ज्याचा उघड्यात हात बसलाय त्याच्याकडून उघड्यातच करून घ्या. रोबोसाठी जमीन विकायला निघालेल्या एका घराला मी स्पष्ट नको म्हणून सांगितलंय. किडनीतली छोटी गाठ वाचवून काढताना किंवा प्रोस्टेटमध्ये त्याचा फायदा जास्त जाणवतो. किडनीबाबत एवढंच लक्षात ठेवा की ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी सगळी किडनी काढू असं कोणी म्हटलं, तर फक्त गाठ काढून किडनी का वाचवता येत नाही, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यात रक्तवाहिनीला चिमटा लावून पंचवीस-तीस मिनिटांत गाठ काढायची आणि जखम शिवायची असते. ते सरावाचं काम आहे. प्रोस्टेटमध्ये तर उलटंच: बऱ्याच म्हाताऱ्यांचा सौम्य कॅन्सर न कापता, पीएसए ही रक्ततपासणी बघत सांभाळणं हेच योग्य असतं, आणि न कापण्याचा सल्ला देणं सर्जनला कापण्याइतकंच शिकावं लागतं.

पैशांचं: पिवळं-केशरी रेशनकार्ड असो वा नसो, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतलं रुग्णालय निवडलंत तर दारातच आरोग्यमित्र बसलेला असतो, ऑपरेशन ठरण्याआधी त्याला भेटा. मंजुरीसाठी बायोप्सीचा रिपोर्ट लागतोच, म्हणून तो हातात येईपर्यंत फाइल पुढे सरकत नाही.

राहिलं मार्च ते आत्तापर्यंतचं. तुम्ही लिहिलंय की पहिल्या वेळी ‘उन्हाळी लागली’ म्हणून कोकम सरबत दिलं, नंतर खडा असेल म्हणून कुळथाचा काढा, आणि रक्त थांबलं. काढ्याने काही बिघडलं नाही, पण थांबलंही त्याने नाही. ही गाठ मधूनमधूनच रक्त सोडते, महिना-दोन महिने गप्प राहते, आणि प्रत्येक घरगुती उपायाला फुकटचं यश मिळतं. खड्याचं रक्त बहुधा कळ घेऊन येतं. चाळिशीनंतर न दुखता लघवी लाल झाली, एकदाच झाली तरी, सोनोग्राफी आणि दुर्बीण. बीट खाल्लं होतं का, एवढं विचारून घ्यायला हरकत नाही.

वडील ८२ च्या संपानंतर गिरणी सोडून गावी आले असंही लिहिलंय. ते कोणत्या खात्यात होते ते विचारा आणि डॉक्टरांना सांगा. कापडाच्या रंगांमधल्या काही रसायनांचा या कॅन्सरशी संबंध जुना आणि सिद्ध आहे, आणि तो कित्येक वर्षांनी उगवतो. विडी ओढत असतील तर ते त्याहून मोठं कारण. धुरातली रसायनं रक्तातून लघवीत उतरतात आणि मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. आज बंद केली तरी गाठ परत येण्याची शक्यता कमी होते, तेव्हा ‘आता काय फायदा’ म्हणू देऊ नका.

आणि ऑपरेशन झाल्यावर रिपोर्टच्या कागदासोबत लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. पुढे कोल्हापूर, बांबोळी, परळ, कुठेही गेलात तरी पहिल्याच दिवशी ते मागतील, आणि त्यासाठी वडिलांना घेऊन पुन्हा रत्नागिरीला खेप घालण्याची वेळ येऊ नये.